मदत हवी आहे : ५० वॅटच्या एलईडीसाठी किती अँपिअरचा सप्लाय घ्यावा?

टॉवेल_कारखाना : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांवर उजेड कमी पडतो म्हणून ५० वॅटचे सहा एलईडी आणले आणि ३६ व्होल्ट, १० अँपिअरच्या एकाच एसएमपीएसवर (घरच्या विजेचा डीसी करून देणारा सप्लाय) जोडले. अर्ध्या तासात एक काळा पडला, दुसऱ्या पाळीपर्यंत आणखी दोन गेले. सहांचे ३०० वॅट होतात आणि सप्लाय ३६० वॅटचा आहे, म्हणजे हिशेब बरोबर आहे. आता १५ अँपिअरचा घ्यावा की २० चा, एवढेच सांगावे. रात्रपाळी अडली आहे.

होटगीरोड_वायरमन : हे एलईडी तयार फिटिंगमधले आहेत की नुसती पिवळी चिप? हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवले होते का? समांतर जोडले की एकसर (एकामागे एक)? पाकिटावर व्होल्ट आणि मिलिअँपिअर काय छापले आहेत, हे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ नये.

गड्डा_स्टॉल : सिद्धेश्वर यात्रेत दर जानेवारीत आमचा स्टॉल असतो. तेथे एलईडी पट्ट्या १२ व्होल्टच्या साध्या एसएमपीएसवर महिनाभर चालतात, काहीही होत नाही. आपल्याला मिळालेला मालच खराब असावा.

टॉवेल_कारखाना : नुसत्या चिप आहेत, हीटसिंकवर पेस्ट लावून बसवल्या आहेत आणि समांतर जोडल्या आहेत. पाकिटावर ३० ते ३४ व्होल्ट, १५०० मिलिअँपिअर असे लिहिले आहे.

जुळे_सोलापूर : मग दोष मालाचा नाही आणि अँपिअर वाढवूनही काही साधणार नाही. एसएमपीएस व्होल्ट स्थिर ठेवतो. प्रवाह किती घ्यायचा हे चिपवर सोडतो. ३४ च्या चिपला ३६ व्होल्ट दिले की ती १.५ अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते, त्याने तापते, तापली की तिला लागणारे व्होल्ट कमी होतात, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो आणि हे चक्र चिप जळेपर्यंत थांबत नाही. स्टॉलच्या पट्टीत दर तीन एलईडींमागे रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा भाग) बसवलेला असतो, म्हणून ती साध्या सप्लायवर टिकते. आपल्याला स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टऐवजी प्रवाह स्थिर ठेवणारा सप्लाय हवा : १५०० मिलिअँपिअर, २७ ते ३६ व्होल्ट, प्रत्येक चिपला स्वतंत्र.

जुना_मेकॅनिक : एवढ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक चिपला २ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावावा. माझ्या दुकानात दोन वर्षे अशीच एक चिप चालू आहे.

जुळे_सोलापूर : दुकानात पंख्याखाली चालली असेल, पण येथे तिचा भरवसा धरता येत नाही. चिपला ३३ व्होल्ट लागत असताना रेझिस्टरवर ३ व्होल्ट पडतात आणि प्रवाह १.५ अँपिअर राहतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत चिप तापून ३२ व्होल्टवर आली की तोच प्रवाह २ अँपिअर होतो.

होटगीरोड_वायरमन : सहाही चिप एकसर जोडून १५०० मिलिअँपिअरचा एकच मोठा ड्रायव्हर लावला तर तारा वाचतील.

जुळे_सोलापूर : तारा वाचतील, पण कामगारांच्या डोक्यावरून जवळपास २०० व्होल्टचा डीसी जाईल आणि एका चिपची तार तुटली की पूर्ण शेड अंधारात जाईल. मी तसे करणार नाही.

सौर_सल्ला : मंडळी, छतावर सौर पॅनेल बसवल्यास वीजबिलाचा प्रश्नच मिटेल.

होटगीरोड_वायरमन : येथे रात्रपाळीच्या दिव्यांचा प्रश्न आहे. कारखानदारांना एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. अगदी स्वस्त ड्रायव्हरचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि त्यात फिरता भाग कधीकधी थांबलेला किंवा हळू फिरणारा भासतो. मागाजवळ हात घालणाऱ्या माणसासाठी हे धोक्याचे आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिवा पाहावा; पडद्यावर गडद पट्टे सरकताना दिसले तर तो ड्रायव्हर परत करावा. दिवे तिन्ही फेजवर वाटून दिल्यासही हा परिणाम कमी होतो.

जुळे_सोलापूर : ड्रायव्हर पत्र्याखाली, चिपच्या हीटसिंकला चिकटवून ठेवू नये. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. शिवाय सुताचे तंतू हीटसिंकच्या फटींत साचतात. ते दर आठवड्याला वीज बंद करून झाडावेत.

टॉवेल_कारखाना : शेजारच्या कारखान्यातून एक ड्रायव्हर आणून उरलेल्या एका चिपवर तासभर चालवला. मीटरवर ३२.४ व्होल्ट आणि १.५ अँपिअर दिसले, म्हणजे ४८.६ वॅट. कॅमेऱ्यात पट्टे नाहीत. आता आणखी तीन चिप आणि सहा ड्रायव्हर मागवतो. ते खाली भिंतीवर लावले तर चिपपर्यंत चार मीटर तार लागेल. त्याने उजेड कमी होईल का?

जुळे_सोलापूर : नाही. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन ८ मीटरला पाव व्होल्टसुद्धा पडत नाही आणि तेवढे व्होल्ट ड्रायव्हर स्वतःच वाढवून देतो. फक्त धन-ऋण उलटे जोडू नये आणि आधी चिप जोडून मगच ड्रायव्हर चालू करावा.