मदत हवी आहे: टुंड्रातल्या वनस्पतींना मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. पुतणीच्या वर्गाला (पाचवी) स्वालबार्डची ओळख करून द्यायची आहे. नॉर्वेचा तो द्वीपसमूह, जिथे २००८ पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. रेनडिअर, ध्रुवीय कोल्हा वगैरे जमलं. घोडं अडलंय वनस्पतींपाशी.

'रेनडिअर मॉस' हे मुळात शेवाळ नाहीच, लायकेन आहे. म्हणजे गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचं दूरचं भावंड. 'रेनडिअरचं दगडफूल' चालेल का? पण ते वाढतं जमिनीवर, पांढुरक्या काटक्यांच्या झुबक्यासारखं. मुलं लगेच विचारणार, "दगड कुठाय?"

मग ध्रुवीय विलो. म्हणायला विलो, पण उंची जेमतेम काही सेंटिमीटर. खोड शेवाळात दडलेलं, वर नखाएवढी पानं. खाली कायमची गोठलेली जमीन, वरून बोचरा वारा. उंच वाढून करणार काय बिचारं! आपल्याकडचा वाळुंज याच्याच प्रजातीतला, म्हणून 'बुटका वाळुंज' सुचलं. कसं वाटतं?

जांभळी सॅक्सिफ्रेज सगळ्यात अवघड. बर्फ हटला की लवकर फुलणाऱ्यांतली ही. लॅटिन नावाचा अर्थ 'दगड फोडणारी', आणि आयुर्वेदातला पाषाणभेदही याच कुळातला! तरी वनस्पती वेगळी. नाव उसनं घेतलं तर चूक ठरेल का?

वनस्पतिशास्त्रवाले कोणी असाल तर कृपया सांगा. कोशातले जडजंबाल शब्द नकोत, मुलं जांभया देतात. शुक्रवारपर्यंत तक्ता रंगवायचा आहे.