टीव्हीवरचं टायझन आणि कपाटातला झेड टू, ही एकच भानगड हाय काय?

उचगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी, एक शंका हाय, जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. दिवाळीत घरात सॅमसंगचा टीव्ही आणलाय, परवा आवाजाचं सेटिंग शोधता शोधता भलत्याच पानावर गेलो तर तिथं टायझन असं लिहिलेलं. हे नाव आधी कुठंतरी बघितलंय म्हणून डोकं खाजवत बसलो आणि मग ट्यूब पेटली, पप्पांचा जुना सॅमसंग झेड टू कपाटात पडलाय त्याच्या अबाउटमध्ये पण टायझनच होतं. तवा घरात सगळे त्याला अँड्रॉइडच समजायचे, फक्त ह्याच्यात प्ले स्टोअर कुठं लपवलंय म्हणून हुडकत बसायचे.

तर ही दोन्ही एकच हाय का? कुणी काढलं, फोनवरनं कुठं गेलं आणि टीव्हीत कसं काय जिवंत राहिलं? आणि शेवटचं म्हणजे तो फोन आज्जीला द्यावा म्हणतोय, व्हॉट्सॲप चालेल का त्यात? नेटवर शोधलं तर अर्ध्या पानांवर नुसती जाहिरात आणि उरलेल्या अर्ध्यांवर एकमेकांची कॉपी.

बिंदू_चौक_कट्टा

भावा प्रश्न छोटा आणि उत्तर लांबडं हाय, चहा घेऊन बस.

दोन्ही एकच. टायझन म्हणजे अँड्रॉइडसारखीच, मशीन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. खाली लिनक्सचं कर्नल, म्हणजे मशीनशी बोलणारा गाभा, जे अँड्रॉइडमध्ये पण असतंय, पण वरची सगळी मांडणी वेगळी. अँड्रॉइडचं ॲप त्यावर सरळ बसत नाही, म्हणून पप्पांना प्ले स्टोअर घावलं नाही.

आता ह्याची वंशावळ. २००५ मध्ये नोकियानं ७७० नावाचा एक इंटरनेट टॅब्लेट काढला, फोन नव्हे बरं का, त्यात कॉलच लागत नव्हता. त्यात माएमो नावाचं लिनक्स होतं. पुढं २००९ ला एन ९०० आला, तो मात्र फोन, सरकवायचा कीबोर्डवाला, अजून त्याचे भक्त सापडतात. तिकडं इंटेलनं छोट्या लॅपटॉपांसाठी मोब्लिन म्हणून वेगळं लिनक्स करून ठेवलेलं. फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनाच्या मोबाईल मेळाव्यात दोघांनी जाहीर केलं की आता आमचं एकत्र, नाव मीगो. झालं, वर्ष पण नीट गेलं नाही तोवर फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे साहेब स्टीफन इलॉप यांनी मायक्रोसॉफ्टशी सोयरीक केली, विंडोज फोन घेतला आणि मीगो मांडवातच राहिलं. त्याच वर्षी मीगोवाला एन ९ बाजारात आला, पुढं एकही बटण नाही, सगळं बोटानं सरकवायचं, बघणारे म्हणत होते नाद खुळा, पण ज्या घराण्याला वारसच ठेवायचा नाही ठरलंय तिथं पोरगं कितीबी गुणी असलं तर काय.

मग इंटेलला नवा जोडीदार पाहिजे होता. सप्टेंबर २०११ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली टायझन जाहीर झालं, पुढारी दोन, इंटेल आणि सॅमसंग. लिमो नावाचा एक गट होता, मोटोरोला, एनईसी, डोकोमो, पॅनासॉनिक, सॅमसंग, व्होडाफोन ह्यांनी २००७ ला काढलेला, तो २०१२ च्या जानेवारीत टायझन असोसिएशन झाला. पहिलं व्हर्जन १.० एप्रिल २०१२ ला आलं. सॅमसंगचं स्वतःचं बाडा म्हणून होतं, २०१० च्या वेव्ह फोनात, तेही २०१३ मध्ये टायझनमध्येच मिसळणार असं जाहीर केलं.

पण खरी गोष्ट अशी की नाव काढताना मीगोचा वारसा सांगितला तरी आतला माल बहुतेक सॅमसंगनं आधीच घरात केलेल्या लिनक्सचा होता. मीगोचं क्यूटी, म्हणजे ॲपचे पडदे-बटणं बांधायची अवजारं, बाजूला पडलं आणि त्याच कामाला ईएफएल म्हणजे एनलाइटनमेंटवाल्या लायब्रऱ्या आल्या. नोकियातली मीगोची पोरं बाहेर पडली त्यांनी योला नावाची कंपनी काढली, सेलफिश ही सिस्टीम केली. कागदावर वारस टायझन, पण रक्त तिकडं गेलं.

राजारामपुरी_रिपेअर

वरच्या भावानं इतिहास सांगितला, मी काउंटरवरनं दिसलेलं सांगतो.

१४ जानेवारी २०१५, म्हणजे ऐन संक्रांतीत, सॅमसंगनं झेड वन भारतात काढला, किंमत ५७०० रुपये. टायझनवाला दुकानात मिळणारा पहिला फोन जगात आधी आपल्याकडंच आला, मग फेब्रुवारीत बांगलादेशात. चार इंची स्क्रीन, ७६८ एमबी रॅम, ४ जीबी जागा. आता हे आकडे ऐकून हसू येतंय पण मी तो हातात धरलेला हाय, त्याच किमतीचा अँड्रॉइड कॉल उचलताना आचके द्यायचा आणि हा गपगुमान चालायचा. मग ऑक्टोबर २०१५ ला झेड थ्री, ८४९० ला, स्क्रीन एकदम झकास ॲमोलेड. ऑगस्ट २०१६ ला तुझ्या पप्पांचा झेड टू, ४५९० रुपये, त्यात फोर जी व्होल्टी, म्हणजे कॉल पण फोर जी वरनंच. टायमिंग बघ, पुढच्याच महिन्यात जिओ आलं. उचगाव, गांधीनगर, मुडशिंगीकडनं लोक यायचे, सिम चालतंय न्हवं एवढंच विचारायचे आणि घेऊन जायचे. मे २०१७ ला झेड फोर आला ५७९० ला आणि तिथं गाडी थांबली, त्यानंतर टायझनचा फोनच नाही.

गिऱ्हाईक परत यायचं ते एकाच कारणानं. फोन बंद पडला म्हणून नव्हं, ॲप नाही म्हणून. नोटाबंदी झाली नोव्हेंबर २०१६ ला, आणि एक किराणा दुकानदार काका आठवतात, झेड टू घेऊन आले, त्यांच्या बँकेचं ॲप टाकून दे म्हणाले. बँकेनं अँड्रॉइड आणि आयफोनसाठी केलेलं, टायझनसाठी कशाला करतील? मी स्टोअर उघडून दाखवलं, नाव टाईप केलं, निघाला एक क्याल्क्युलेटर आणि दोन गणपतीचे वॉलपेपर. काका म्हणाले, आरं फोन माझा नवा हाय, जुना तर न्हाई. आता काय बोलणार.

तुझ्या आज्जीचं सांगतो. टायझनचं फोनवालं स्टोअर ३१ डिसेंबर २०२१ ला कायमचं बंद झालं. त्यामुळं नवं ॲप आणायला दारच नाही, व्हॉट्सॲपचा नाद सोड. कॉलला, रेडिओला, अलार्मला चालतोय. पण आधी मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर घे आणि काचेच्या टेबलावर ठेवून बोटानं फिरव. भिंगरीवानी फिरली तर फुगली समज, चार्जिंगला लावू नको, सरळ दुकानात आणून दे.

कळंबेकर_मॅडम

मी इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडते. ॲप नव्हते म्हणून टायझन गेलं असं सगळेच म्हणतात, बरोबरच आहे, पण ॲप का नव्हते ते कुणी विचारत नाही. पैसे कमी टाकले म्हणून? अजिबात नाही. २०१३ मध्ये ॲप करणाऱ्यांसाठी स्पर्धा काढली, बक्षिसांची रक्कम ४० लाख डॉलरच्या वर. २०१७ मध्ये तर योजनाच केली, दर महिन्याला स्टोअरच्या पहिल्या शंभरात आलेल्या ॲपला १०,००० डॉलर.

अडचण दुसरीकडं होती. टायझन २.० मध्ये नेटिव्ह, म्हणजे थेट त्याच सिस्टीमसाठीचं, ॲप लिहायची जी पद्धत दिली ती बाडाकडून आलेली सी प्लस प्लस भाषेची होती. पोरांनी शिकली, ॲप लिहिली. आणि २.३ मध्ये ती पद्धतच काढून टाकली, आता ईएफएल वापरा, साधं सी मध्ये लिहा. म्हणजे आधीचं सगळं पाण्यात! पुढं ४.० ला मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं त्यांची डॉटनेट ही ॲप लिहायची पद्धत आली, आणखी एक नवी वाट. वेब ॲपची, म्हणजे वेबसाइटसारखं लिहायची, वाट तेवढी पहिल्यापासून सरळ राहिली. आता तुम्ही सांगा, दोन माणसांची छोटी कंपनी आहे, तिनं कशाच्या जिवावर टायझनवर सहा महिने घालवायचे? माझ्याकडं प्रोजेक्टला आलेली एक जोडी होती, हुशार पोरं, त्यांनी बाडावाल्या पद्धतीनं बसप्रवासाचं ॲप केलं होतं आणि सबमिशनच्या आधीच ती पद्धत जुनी ठरली. त्यांनी अँड्रॉइडवर परत लिहिलं आणि बरंच झालं म्हणायचं, त्याच्यावर नोकरी लागली.

कोडची गुणवत्ता हा आणखी एक विषय. २०१७ मध्ये इस्रायलच्या एका सिक्युरिटी संशोधकानं टायझनमध्ये सुरक्षेची ४० अनोळखी भोकं सापडल्याचं जाहीर केलं होतं आणि कोडला नावं ठेवली होती ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

शाहूपुरी_गल्ली_पाच

मॅडम मुद्दा पटला, पण मला वाटतंय तुम्ही सगळे सॅमसंगचा डाव विसरताय. जरा तारखा बघा. ऑगस्ट २०११ मध्ये गुगलनं मोटोरोला मोबिलिटी घ्यायचं जाहीर केलं, साडेबारा अब्ज डॉलर. म्हणजे अँड्रॉइड देणारा मालकच आता फोन विकायला बसणार. त्यानंतर दीडेक महिन्यात टायझन. आणि जानेवारी २०१४ मध्ये गुगल आणि सॅमसंगचा पेटंटचा मोठा करार झाला, त्याच महिन्याच्या शेवटी गुगलनं मोटोरोला लेनोव्होला विकायचं जाहीर केलं. भीतीच गेली की राव! त्याच जानेवारीत जपानच्या डोकोमोनं टायझनचा फोन काढायचं लांबणीवर टाकलं, रशियात सॅमसंग झेड यायचा होता २०१४ ला, तो जाहीर होऊन पण आलाच नाही. मग भारतात सगळ्यात स्वस्त गटात सोडून बघितला. मला विचाराल तर फोनवरचं टायझन ही गुगलला दाखवायची काठी होती, मारायची नव्हती. हे माझं मत, पुरावा मागू नका.

कळंबेकर_मॅडम

तारखा बरोबर आहेत तुमच्या, पण नुसती काठी असती तर २०१७ पर्यंत चार-चार मॉडेलं कशाला काढली असती? दाखवायला एक पुरत होतं. कंपनीत एकाच वेळी दोन गट असतात, एकाला गॅलेक्सी विकायचा असतो आणि दुसऱ्याला स्वतःचं काहीतरी उभं करायचं असतं, आणि वरचे दोघांनाही मान हलवतात. गॅलेक्सीच्या भारी मॉडेलात एकदाही टायझन टाकलं नाही, यातच सगळं आलं.

रंकाळा_वॉकर

फोनचंच काय घेऊन बसलाय, घड्याळाचं कुणीच बोलंना. सॅमसंगचा पहिला गिअर २०१३ ला अँड्रॉइडवर आला होता, २०१४ ला गिअर टू टायझनवर आला आणि मग त्या जुन्याला पण अपडेटनं टायझन दिलं. २०१५ ला गिअर एस टू, कडा गोल फिरवायची, टिक टिक करत मेनू पुढं सरकायचा, पावसात रंकाळ्यावर चालताना ओल्या बोटानं स्क्रीन ऐकत नाही पण कडा फिरतीय, असली सोय मला नंतर कुठं भेटली नाही. घड्याळात काय पाहिजे, पावलं, नोटिफिकेशन, ठोके, ते सगळं कंपनीनंच दिलेलं, बाहेरच्या ॲपवाचून अडत नव्हतं. म्हणून तिथं सात वर्षं टिकलं. शेवटचं टायझनवालं गॅलेक्सी वॉच थ्री २०२० ला, आणि ऑगस्ट २०२१ ला वॉच फोरला गुगलचं वेअर ओएस आलं.

बिंदू_चौक_कट्टा

वॉकर दादांनी बरोबर नस पकडली. टीव्हीचं पण तेच. २०१५ पासनं सॅमसंगचे स्मार्ट टीव्ही टायझनवर आले. टीव्हीवर माणसाला लागतात चार-पाच ॲप, यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम, मॅच बघायचं एखादं. आणि तिथं सॅमसंग इतके टीव्ही विकतंय की ॲपवाले स्वतः येऊन दारात उभे राहतात, फोनच्या बरोब्बर उलटं. कॅमेऱ्यात पण होतं, एनएक्स ३०० मध्ये, आणि फ्रीजमध्ये पण, २०१६ चा फॅमिली हब, दाराला २१.५ इंची पडदा. फ्रीजला पडदा कशाला लागतोय ते मला अजून कळलेलं नाही, दूध संपलंय हे उघडून बघितल्यावर पण कळतंयच की. २०२२ पासनं दुसऱ्या कंपन्यांच्या टीव्हीला पण टायझन द्यायला लागलेत.

उचगावचा_पोरगा

लई भारी मंडळी, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. बॅटरी बघितली, फिरतीया 😅 बाजूला काढून ठेवली, उद्या राजारामपुरीत आणतो. आज्जीला दुसरा साधा फोन घेऊ. मॅडम एक विचारायचं होतं, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला हाय, टीव्हीसाठी स्वतःचं ॲप करता येतंय का, का त्याला पण काय परवानगी लागतीय? गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमाचे फोटो टीव्हीवर फिरवायचं डोक्यात हाय.

कळंबेकर_मॅडम

येतं की, आणि तुझ्यासाठी सोपं आहे. टीव्हीची ॲप बहुतेक वेब ॲपच असतात, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, जे तुला पहिल्या वर्षात झालंच असेल. टायझन स्टुडिओ फुकट उतरवून घे. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच वायफायवर ठेव. टीव्हीवर ॲप्सच्या पानावर जाऊन रिमोटनं १२३४५ दाब, डेव्हलपर मोडची खिडकी उघडेल, ऑन कर आणि लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाक, मग टीव्ही बंद करून परत चालू कर. रिमोटला आकडे नसतील तर स्क्रीनवरचा नंबर पॅड उघडून दाब. सर्टिफिकेट बनवायला सॅमसंगचं अकाउंट लागेल, ते पण फुकट. एक सांगते, माउस नाही हे लक्षात ठेवून लिही, सगळं रिमोटच्या चार बाणांवर चाललं पाहिजे, पोरं नेमकी तिथंच गंडतात. फोटो मोठे टाकू नकोस, आधी बारीक करून घे, टीव्हीतली मेमरी लॅपटॉपएवढी नसते. अडलास तर इथंच विचार.