शब्द हवा आहे: 'टेरेस हाउस' आणि 'बे विंडो'

प्रश्न:
बहिणीने इंग्लंडमध्ये वेस्टक्लिफला घर घेतलं. १९०८ सालचं, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीतलं 'टेरेस हाउस'. आई म्हणाली, "बरं झालं, कुरडया वाळवायला गच्ची मिळाली!" गच्ची कुठली, वर उतरतं छप्पर आहे. आईसाठी घराचं वर्णन लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. 'बे विंडो'चंही तेच. एका भाषांतरात चक्क 'उपसागरी खिडकी' वाचली.

उत्तर:
उपसागरी! खिडकीतला 'बे' आणि समुद्राचा 'बे' उच्चाराने जुळे, कुळाने परके. खिडकीतला आला जुन्या फ्रेंचमधल्या 'आ वासणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. पुढे तो दोन खांबांमधल्या अंतरालाही लागला. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खण. तीन खणी घर, पाच खणी माडी. पण 'खणाची खिडकी' म्हणाल तर आईंना चोळीचा खण आठवेल.

'सज्जा'ही नको. सज्जा भिंतीबाहेर अधांतरी असतो. इथे भिंतच जमिनीपासून तीन बाजूंनी पुढे येते आणि तिच्यात काचा बसवतात. वरच्या मजल्यावर अधांतरी असते ती 'ओरिएल', तिला हवं तर झरोका म्हणा. इथे 'पुढे काढलेली खिडकी' बरं.

टेरेसचं मूळ लॅटिन 'टेरा', म्हणजे माती. भर घालून केलेला सपाट उंचवटा तो टेरेस. त्यावर बांधलेल्या घरांच्या ओळीला इंग्रजांनी तेच नाव दिलं, आपण त्यातला सपाटपणा उचलून गच्चीला लावला. 'रो हाउस' म्हटलं की नाशिक-पुण्याची नवी स्कीम डोळ्यांपुढे येते. चाळ तर नाहीच: चाळीत गॅलरी सामाईक, इथे ज्याचं त्याचं दार रस्त्यावर, जिना आत. सामाईक काय, तर भिंत. सरळ लिहा, 'भिंतीला भिंत लागलेल्या ओळीतलं घर'.

प्रश्नकर्ती:
'भिंतीला भिंत' घेतलं! ही पुढे काढलेली खिडकी मात्र चौकोनी आहे, तिरक्या बाजूंची नाही.

उत्तर:
मग ती काळाला धरूनच आहे. व्हिक्टोरियन ओळींत तिरक्या बाजू जास्त. सातव्या एडवर्डच्या काळात, १९०१ ते १९१०, चौकोनी खिडक्या पुष्कळ झाल्या. दारावर पांढरी लाकडी बाल्कनी असेल, तर तीही त्याच वेळची. आणि घर समुद्राला काटकोनात असलं, तरी चौकोनी खिडकीची बाजूची काच थेट गल्लीच्या टोकाकडे बघते. तेवढ्या पट्टीतून समुद्र दिसतो. (समुद्र म्हणायचा, खरं तर थेम्सचं मुख. ओहोटीला नुसता चिखल. शेजारच्या साउथएंडला म्हणूनच दोन किलोमीटरहून लांब धक्का बांधावा लागला.)

प्रश्नकर्ती:
दिसतो, खुर्ची भिंतीला टेकवून बसलं तर! अजून एक. खिडकी वर सरकवली की चौकटीच्या आत काहीतरी ठक्कन आपटतं.

उत्तर:
ते लोखंडी वजन. दोरी, कप्पी, दुसऱ्या टोकाला वजन. म्हणून तावदान हव्या त्या उंचीवर थांबतं. 'सॅश विंडो'ला मी तरी 'कप्पीची खिडकी' म्हणेन. विहिरीवर पाणी ओढलेल्या बाईला वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती:
आईला वाचून दाखवलं. कप्पी लगेच कळली. 'भिंतीला भिंत'वर म्हणाली, "म्हणजे हळू बोलायला सांग तिला."