क्वेट्ट्याची छावणी इंग्रजांनी एवढी मोठी का केली?

कॅम्पातला
नमस्कार मंडळी, आम्ही देवळालीचे, लहानपणापासून ऐकतोय की लष्कराचं स्टाफ कॉलेज (अधिकाऱ्यांना वरच्या कामांसाठी तयार करणारं) आधी इथे होतं आणि मग ते पार क्वेट्ट्याला नेलं. हे खरंय का? आणि एवढं महत्त्वाचं कॉलेज बलुचिस्तानच्या डोंगरात कशाला नेलं असेल? शोधायला गेलं की सगळीकडे १९३५चा भूकंपच येतो, त्याच्या आधीचं कुणी नीट सांगेल का?

घाटवाट
अगदी खरंय. किचनेर सरसेनापती असताना १९०५ला देवळालीत सुरू झालं, पण ती सोय तात्पुरतीच होती, १९०७ला क्वेट्ट्याला हललं.
आता क्वेट्टाच का, तर नकाशा उघडा आणि अफगाणिस्तानातल्या कंदाहारहून सिंधकडे बोट फिरवा, मध्ये बोलन घाट येतो आणि त्याच्या वरच्या तोंडाशी क्वेट्टा. रशिया मध्य आशियात पुढे सरकत होता, त्यामुळे हा घाट आपल्या हातात पाहिजे असं इंग्रजांना वाटायला लागलं. १८७६ला सँडमन या इंग्रज अधिकाऱ्याने बलुचिस्तानातल्या कलात संस्थानच्या खानाशी तह जमवला, फौज येऊन बसली आणि १८८३ला अख्खा क्वेट्टा जिल्हा वर्षाला २५ हजार रुपयांवर कायमचा भाडेपट्ट्याने घेतला. लढाई करून जिंकलेला नाही हो, भाड्याने घेतलेला! मला तर या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त बोलकी वाटते.

रूळवेडा
रेल्वेशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. १८८६-८७च्या सुमारास गाडी क्वेट्ट्याला पोचली, पण इंग्रज तिथे थांबले नाहीत, पुढे खोजकचा डोंगर पोखरून जवळपास ४ किलोमीटरचा बोगदा काढला, १८९१ला तो पूर्ण झाला आणि रूळ थेट अफगाण सरहद्दीवर चमनला. कंदाहारपर्यंत टाकायला लागणारे रूळसुद्धा तिथे आणून रचून ठेवले होते, काबूलचा अमीर भडकला तर नवल काय! पाकिस्तानच्या जुन्या ५ रुपयांच्या नोटेवर याच बोगद्याचं चित्र आहे.

विटावाळू
सिव्हिलवाला आहे म्हणून भूकंपाबद्दल लिहितोच. ३१ मे १९३५, पहाटे तीनच्या सुमारास, कमीत कमी ३० हजार माणसं गेली. शहर भुईसपाट झालं पण उत्तरेकडची छावणी बरीचशी वाचली. त्यामुळे मदतीला फौज लगेच धावली हे खरं, पण मग शहराला पहारा लावला आणि गांधीजी, राजेंद्रबाबू मदतीला यायला तयार असताना त्यांना परवानगी नाकारली, याचा मला अजूनही राग येतो.
एक माणूस मात्र लक्षात ठेवा, एस. एल. कुमार, रेल्वेतले तरुण इंजिनिअर. १९३१ला बलुचिस्तानातल्याच मच गावी झालेल्या भूकंपानंतर त्यांनी क्वेट्ट्यात रेल्वेची क्वार्टर्स भिंतींत जुने रूळ घालून बांधली, चार वर्षांनी आजूबाजूचं सगळं पडलं आणि ती उभी राहिली. आपल्याकडे भूकंपरोधक बांधकामाची गोष्ट सुरू होते ती इथून.

कॅम्पातला
वा, मनापासून आभार सगळ्यांचे! कॉलेजमध्ये आपले लोक कधीपासून जायला लागले?

घाटवाट
करिअप्पा १९३३ला गेले, ते पहिले भारतीय अधिकारी. पुढच्याच वर्षी तिथे शिकवायला आला माँटगोमेरी, तोच तो दुसऱ्या महायुद्धात एल अलामेनची लढाई जिंकणारा इंग्रज सेनापती, भूकंप झाला तेव्हा तो क्वेट्ट्यातच होता. फाळणीत कॉलेज पाकिस्तानकडे राहिलं, आपलं मग निलगिरीत वेलिंग्टनला उभं केलं.