डिशवॉशरमध्ये लावण्याआधी भांडी विसळायची की नाही?

विश्रामबागकर, सांगली
आमच्या सोसायटीत आता बऱ्याच घरी डिशवॉशर आलाय, आणि जिथे बघावं तिथे एकच प्रकार. आधी नळाखाली भांडी चकचकीत करायची, मग मशीनला लावायची. हे थांबायला हवं. हाडं, कढीपत्ता, मिरचीचे देठ, लिंबाच्या बिया ताटातून निपटून कचऱ्यात टाका आणि उरलेलं मशीनवर सोडा. डिशवॉशरच्या पावडरीत एन्झाइम असतात. एक भातातला, पिठातला स्टार्च तोडतं, दुसरं डाळ-अंड्यातलं प्रथिन. त्यांना गरम पाणी आणि वेळ मिळाला की ती आपलं काम करतात. शिवाय काही मशीनमध्ये पाण्याचा गढूळपणा ओळखणारा सेन्सर असतो. विसळलेली भांडी लावून ऑटो प्रोग्राम सुरू केला की पाणी स्वच्छ दिसतं, मशीन धुणं आवरतं घेतं आणि कुकरच्या डब्याच्या काठाला धरलेला भात तसाच राहतो.

कराडची सून
मला अजिबात पटलं नाही. आमचं मशीन रोज रात्री एकदाच लागतं. सकाळच्या डब्यातला अख्खा मसूर, वर कांदा-लसूण चटणीचा तेलकट कट, हे संध्याकाळपर्यंत स्टीलला असं धरून बसतं की नखानेही निघत नाही. त्यात एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद मशीनमध्ये खरकटी भांडी ठेवली की दार उघडताच आंबूस वास येतो. घरात लहान मुलं असताना मला हे चालणार नाही. मी विसळणारच.

आटपाडीकर
ताई, वास येतो हे खरंय. पण त्यासाठी नळ कशाला? बहुतेक मशीनमध्ये नुसत्या विसळणीचा छोटा प्रोग्राम असतो. दुपारी पावडर न घालता तो लावा, रात्री पूर्ण धुणं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, म्हणून पाण्याचं बोलतोय. आजकालच्या बऱ्याच मशीन एका धुण्याला १० ते १२ लिटर पाणी घेतात. नळ मोठा सोडला तर मिनिटाला ६-८ लिटर सहज जातात. आधी विसळायचं आणि मग मशीन लावायचं, यात पाणी वाचवायला घेतलेल्या मशीनचा फायदा काय राहिला?

मिरजेची काकू
विसळण्यावरून वाद घालताय, पण आमच्यासारख्या बोअरवाल्यांचा प्रश्न वेगळाच आहे. पेल्यांवर पांढरी साय येते आणि लोक पावडर वाढवत बसतात. ते पाण्यातले क्षार आहेत. मशीनच्या तळाशी मिठाची टाकी असते ती भरा आणि पाणी किती जड आहे त्याप्रमाणे सेटिंग करा. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरणारा भाग त्या मिठाने पुन्हा कामाला लागतो. घरातलं बारीक मीठ मात्र ओतू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात पदार्थ मिसळलेले असतात, टाकी तुंबू शकते. डिशवॉशरचं जाड मीठच आणा.

सातारकर
काकू, मिठाचं बरोबर, पण सगळ्यांना एकच माप लागत नाही. आमच्याकडे कासचं पाणी येतं, पठारावर साठलेलं पावसाचं. ते बोअरसारखं जड नाही. अशा पाण्यात पावडर जास्त झाली तर काच झिजते आणि कायमची धुरकट होते. दोन्हीतला फरक ओळखायचा असेल तर पेल्याला व्हिनेगर चोळा. डाग गेला तर क्षार होते, नाही गेला तर काच गेली. म्हणून मी अख्ख्या टॅब्लेटच्या विरोधात आहे. पावडर असली की कमी-जास्त करता येते.

कराडची सून
टॅब्लेटमध्ये मोजण्याची कटकट नाही हो. आणि हळदीच्या डागांचं काय? विसळल्यावर निदान वरचं तेल तरी जातं.

विश्रामबागकर, सांगली
हळदीवर सांगलीकराने बोलायलाच हवं! हळदीचा रंग तेलातून प्लॅस्टिकमध्ये मुरतो, साध्या पाण्याने तो हलत नाही. चांगल्या पावडरीत ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, ते गरम पाण्यात कामाला लागतं. तरी उरलेला पिवळेपणा डबा उन्हात ठेवला की फिका पडतो. पण पावडर त्या झाकणाच्या कप्प्यातच घाला. तळाशी नुसती टाकली तर पहिल्या विसळणीच्या पाण्याबरोबरच निघून जाते. सिंकवरचं लिक्विड तर थेंबभरही नको, फेस बाहेर येईल. आणि ॲल्युमिनियमची कढई, लोखंडी तवा, कल्हईची पातेली मशीनला लावू नका. ॲल्युमिनियम काळं पडतं, लोखंड गंजतं, कल्हई टिकत नाही.

कराडची सून
दुपारी विसळणीचा प्रोग्राम लावून बघेन, ते पटलं. पण कणकेची परात मी हातानेच धुणार. वाळलेल्या कणकेचे पापुद्रे सुटून जाळीत बसतात आणि ती जाळी शेवटी मलाच ब्रशने घासावी लागते.

मिरजेची काकू
परातीला माझाही पाठिंबा. आणि जाळी दर आठवड्याला काढाच. आपल्या तर्रीचं तेल तिथेच साठतं.