बदलापूर-सीएसटी अप-डाऊन करणाऱ्यांनी चालायचं कधी?

पोळीभाजी:
वय ४४, वजन ७१. गेल्या महिन्यात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, इतक्यात गोळ्या नकोत, रोज पाऊण तास चाला. सांगायला काय जातंय!

पाचला उठते. दोन भाज्या, चौदा पोळ्या, तीन डबे, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं. सातला रिक्षा, मग मिळेल ती फास्ट. सीएसटीहून शेअर टॅक्सीने मंत्रालयाजवळ ऑफिस, तिथे दिवसभर खुर्ची. घरी यायला रात्रीचे आठ. जिमचे वर्षाचे पैसे एकदा भरून झालेत, अकरा वेळा गेले (मोजलेत). कृपया 'चारला उठा' सांगू नका, ते नणंदेने सांगून झालंय.

जुना पासधारक:
बत्तीस वर्षं कल्याणहून जात होतो. टॅक्सीची रांग सोडा. सीएसटीच्या सबवेतून बाहेर पडा, डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक, पुढे ओव्हल मैदानातली पायवाट ओलांडून मंत्रालय. दोन-सव्वादोन किलोमीटर, पंचवीस-तीस मिनिटं. रांगेत आणि सिग्नलला तुमची पंधरा मिनिटं जातातच, म्हणजे जादा वेळ तेवढाच. इमारतींखाली पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवायचा नियम १८९६ चा, त्यामुळे पावसातही तेवढा रस्ता कोरडा.

फक्त ऑफिसच्या चपलांवर चालू नका. मी पहिल्याच आठवड्यात टाच धरून बसलो, ती तीन महिने दुखली. बूट घालून या, चपला ऑफिसच्या खणात ठेवा.

फिजिओताई:
पाऊण तास एका दमातच व्हायला हवा असं नाही. पूर्वी निदान सलग १० मिनिटं तरी हवीत असं सांगत, ती अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली. आठवड्याला एकूण १५० ते ३०० मिनिटं झाली की झालं. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

तुमच्या रिपोर्टकडे बघता डबा खाल्ल्यावरची दहा मिनिटं सोन्याची. स्नायू हलले की रक्तातली साखर वापरली जाते. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारा, कोणी हसलं तर हसू दे.

नुसत्या चालण्यावर भागवू नका, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताणही हवा. कुकर लावला की ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली. ऑफिसात खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, दहा वेळा. दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र निघालं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. आकडा तिथून चिकटला.

खवटमावशी:
सगळे टाचांवर बोलताहेत, चौदा पोळ्यांवर कोणी बोलत नाही. तीन डब्यांतला एक नवऱ्याचा असणार. त्याला हात आहेत ना?

पोळीभाजी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. सकाळी चालत जाते, चार दिवस तरी नक्की. कमानींखाली फेरीवाल्यांमुळे वेग लागत नाही, म्हणून पाऊस नसेल तर बाहेरून. ओव्हलवर पोचेपर्यंत घाम येतो, एक जादा कुर्ता खणात ठेवलाय. संध्याकाळी मात्र टॅक्सीच. गाडी चुकली की पुढच्या गाडीत बदलापूरपर्यंत उभं राहावं लागतं, तो व्यायाम मी धरत नाही.

मावशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आता कणीक तो मळतो. सैल मळतो, पोळपाटाला चिकटते, पण मी तोंड मिटून लाटते. त्या दहा मिनिटांत गच्चीपर्यंत चार मजले दोनदा चढून येते. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले होते, परवा थांबले नाही. साखर पुन्हा तपासायला अजून दोन महिने आहेत.

फिजिओताई, एक विचारायचं होतं. मी टाचा उचलताना सासूबाई म्हणाल्या, 'फडताळात काय शोधतेस?' सांगितलं, तर आता कुकरची शिट्टी झाली की त्याही ओटा धरून शेजारी उभ्या राहतात. वय ७३, उजवा गुडघा दुखतो. त्यांना हे चालेल का, की बसूनच करायला सांगू?