गिअर फोर्जिंग (लोखंड तापवून दाबून घडवणं) १२५० अंश सेल्सिअस वरून ११५० ला आणलं तर लाईट बिल कमी होईल का?

भोसरीकर: २० एमएनसीआर ५ या गिअरच्या पोलादाचे गिअर ब्लँक (दात पाडायच्या आधीचे कच्चे गिअर), विजेवर तापवणारा इंडक्शन हीटर आहे. मालक म्हणतात टेंपरेचर उतरवा. खरंच फरक पडतो?

डायवाला: पडतो, टनामागे साधारण ३० युनिट, पण मटेरियल कडक राहतं, प्रेसचा लोड वाढतो, डायचे (साच्याचे) कोपरे भरत नाहीत आणि डाय लवकर जाते, मग वाचवलेली वीज डायच्या खर्चात गेली की!

हीट_ट्रीटवाला: स्केल (तापल्यावर वर चढणारा ऑक्साइडचा थर) मात्र कमी होतो हां, मशीनिंग अलाउन्स (नंतर कापून काढायला ठेवलेलं जादा मटेरियल) कमी ठेवता येतो. माझ्या मते खरी बचत पुढे आहे, फोर्जिंगच्या उष्णतेवरच आयसोथर्मल ॲनिलिंग (एका ठराविक टेंपरेचरला धरून मऊ करणं) करा, गार करून परत कशाला तापवायचं?

भोसरीकर: आधी ११८० ला थोडे काढून बघतो, लोड मीटरवर लक्ष ठेवून.